पुण्यात नव्या इमारतीत भाड्याचे घर: मित्रास पत्र

पुनावळे, पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू पुढच्या महिन्यात हिंजवडीला रुजू होणार हे वाचून फार आनंद झाला. सगळे १८,००० रुपयांत बसवायचे आणि घर मात्र नवे कोरे हवे, असे तू लिहिले आहेस. ते जमण्यासारखे आहे. परंतु गेली दोन वर्षे मी अशाच घरात राहत असल्यामुळे, तू टोकन देण्यापूर्वी काही गोष्टी तुझ्या कानावर घालणे मला आवश्यक वाटते.

पुनावळे, ताथवडे, रावेत या पट्ट्यात एखाद्या संकुलाचा ताबा सुरू झाला, की गुंतवणूक म्हणून घेतलेले कितीतरी फ्लॅट एकदम भाड्याला निघतात. मालकाचा हप्ता चालू झालेला असतो आणि फ्लॅट रिकामा असतो, म्हणून ते दोन-तीन महिने भाडे उतरलेले असते. मला वन बीएचके १५,००० भाड्याने आणि ५०,००० अनामतीवर मिळाला तो याच कारणाने. पण इमारत भरली की तोच मालक अकरा महिन्यांनी दोन-तीन हजार वाढवून मागतो, आणि सामान हलवण्याचा व नव्या दलालीचा खर्च डोळ्यांपुढे येऊन आपण ते निमूट देतो. म्हणून घासाघीस केवळ पहिल्या भाड्याची करू नकोस. तेहतीस महिन्यांचा करार माग आणि दर अकरा महिन्यांनी पाच टक्केच वाढ, असे त्यातच लिहून घे. मालकाला गरज असते तेव्हाच हे साधते.

दुसरी गोष्ट पाण्याची. मी घर बघताना फरशी आणि खिडक्या पाहत राहिलो, पाण्याचे विचारलेच नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून महापालिकेचे पाणी दिवसाआड येते. उरलेली गरज बोअर आणि टँकर भागवतात. आमच्या नळाच्या तोंडाशी महिन्याभरात पांढरा खरखरीत थर जमला, तो नखाने खरवडला तरी निघत नव्हता. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ती राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, नसेल तर नळाची कायमची जोडणी मिळणेही अवघड होते. म्हणून ते आहे का, हे महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून आधी पाहा. दिवसाला किती टँकर येतात हे मात्र दलालाला नव्हे, फाटकावरच्या वॉचमनला विचार. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे का आणि तो कोणी भरायचा, हेही करारात यायला हवे.

पहिल्या पावसाळ्यात आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली रंगाला फुगा आला. बोटाने दाबताच आतले प्लास्टर भुग्यासारखे गळले. मालक दुरुस्ती माझ्यावर ढकलू पाहत होते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दिसला, तर रेरा कायद्याप्रमाणे बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, हे मी त्यांना दाखवले. त्यांनी लेखी तक्रार केल्यावर बाहेरून झुला लावून काम झाले. तूही पहिल्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेव, म्हणजे पुढे अनामतीतून रंगाचे पैसे कापले जाणार नाहीत.

करार नोंदणीकृतच कर. खर्चाला घाबरू नकोस. माझ्या अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे सुमारे ४२५ रुपये, आणि नोंदणी शुल्क १,००० रुपये लागले. भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, आणि करार नोंदवलेला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे सांगितले की टाळाटाळ करणारे मालकही सहसा तयार होतात.

नव्या घरात पंखे, गीझर, पडद्यांचे रॉड, काहीच नसते. ते मालकाकडून बसवून घे, नाहीतर वीस हजार सहज जातील.

शनिवारी रात्रीच माझ्याकडे ये. मी दोन फ्लॅट हेरून ठेवले आहेत. रविवारी सकाळी सातला, सगळ्या इमारतीचे नळ चालू असतात तेव्हा, आपण वरच्या मजल्यावर जाऊन पाण्याची धार पाहू.

तुझा,
जुना रूममेट