फिटच्या गोळ्या आणि पहिले आठ आठवडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन पाळला जातो, तेव्हा ‘गोळी एक दिवसही चुकवू नका’ हा सल्ला आवर्जून दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन या औषधांची मोजक्या रुग्णांना गंभीर ॲलर्जी होते व ती बहुधा पहिल्या आठ आठवड्यांतच दिसते, ही गोष्ट सांगायची राहून जाते.

माझ्या भाचीला कार्बामाझेपिन सुरू केल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ताप आला, तोंडात फोड आले, डोळे लाल झाले आणि छातीवर पुरळ उठले. पावसाळा असल्याने डेंग्यूची तपासणी झाली, गोवराची शंका घेतली गेली. फिटची गोळी मात्र नियमित घ्यायची म्हणून चालूच राहिली. कातडी सोलवटू लागल्यावर त्वचारोगतज्ज्ञांनी स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (बहुधा औषधाच्या ॲलर्जीने कातडी सोलवटण्याचा गंभीर आजार) ओळखला आणि गोळी तत्काळ थांबवून वेगळ्या गटातले औषध दिले, म्हणून ती वाचली. अशी गोळी चालू ठेवली तर जिवावर बेतते आणि घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट्स बळावतात. त्यामुळे ताप आणि पुरळ दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना गाठणे हाच मार्ग उरतो.

कार्बामाझेपिनच्या या ॲलर्जीचा एका विशिष्ट जनुकप्रकाराशी असलेला संबंध तैवानमधील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवला आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी रक्ततपासणी करावी असे सुचवले. हा जनुकप्रकार भारतीयांतही आढळतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावी ही तपासणी सहज होणार नाही, हे मान्य. पण पहिल्या चिठ्ठीवर धोक्याची लक्षणे मराठीत लिहून द्यायला काहीच खर्च येत नाही.

दुसरी विनंती डिस्चार्ज कार्डाबाबत आहे. यांपैकी एका औषधाची ॲलर्जी झालेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते आणि फिट थांबत नसलेल्या रुग्णाला कॅज्युअल्टीत फेनिटॉइनचे इंजेक्शन सर्रास दिले जाते, तेव्हा तो स्वतः काही सांगण्याच्या अवस्थेत नसतो. म्हणून ‘ॲलर्जी झाली’ एवढेच न लिहिता औषधाचे नाव ठळक अक्षरांत लिहावे आणि रुग्णाने तो कागद कायम खिशात बाळगावा. राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतःही अशा घटनेची नोंद करू शकतात.

आपला,
एक वाचक, सातारा