निदान नकार तरी लिहून द्या : मंत्री महोदयांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी रात्री मी रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात 412 रेशीम अळ्या मारल्या. आधी उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या, मग ऑटोक्लेव्ह या दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंशांवर. पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतल्या होत्या. अंगात रेशीम भरून आलेलं, एक-दोन दिवसांत कोश विणायला चंद्रिकेवर, म्हणजे बांबूच्या चटईवर, सोडायच्या होत्या. जनुकबदल केलेल्या अळ्या बाहेर सोडता येत नाहीत, कोणाला देताही येत नाहीत. कंपनी बंद झाली की त्यांचं हेच करायचं असतं. नियम योग्य आहे आणि मी तो पाळला. शुक्रवारी पहाटे साडेपाचला पाला टाकायला उठले, चप्पल घातली, आणि मग आठवलं.

आपला वेळ मोलाचा आहे म्हणून आधी काम सांगते. आमची छोटी कंपनी रेशीम अळीकडून कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा काढून घेत होती. कोळी पाळता येत नाहीत, एकत्र ठेवले तर एकमेकांना खातात. मादागास्करच्या कोळ्यांच्या धाग्याचा एक सोनेरी अंगरखा 2012 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मांडला होता. त्या एका वस्त्राला दहा लाखांवर कोळी लागले. म्हणून कोळ्याचं जनुक अळीत घालायचं. अंडं घातल्यावर काही तासांच्या आत, भिंगाखाली, केसाहून बारीक सुईने. पुढच्या पिढीत विशिष्ट प्रकाशाखाली डोळे लाल चमकले की जनुक बसलं म्हणायचं. ते लाल डोळे पहिल्यांदा दिसायला मला अकरा महिने लागले.

पोलादाच्या इतके पट, तितके पट, असं मी लिहिणार नाही. अमेरिकन शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये दाखवलेल्या अशा धाग्यात कोळ्याचं प्रथिन 2 ते 5 टक्केच होतं, तरी तो साध्या रेशमाहून चिवट निघाला. 2023 मध्ये शांघायच्या डोंगहुआ विद्यापीठाने तर केव्हलारच्या, म्हणजे बुलेटप्रूफ जॅकेटच्या धाग्याच्या, जवळजवळ सहापट चिवट धागा काढल्याचं जाहीर केलं. क्रेग बायोक्राफ्ट ही मिशिगनची कंपनी आपल्या अळ्या घेऊन व्हिएतनामच्या क्वांग नाम प्रांतात गेली, कारण तुती, हात आणि परवानगी तिन्ही तिथे मिळालं. तुती आपल्याकडे नाही? हात नाहीत? पैठणला रेशीम विणणारे हात किती पिढ्यांपासून आहेत!

दोन वर्षांपूर्वी वाशीच्या एका सभागृहात एका शासकीय कार्यालयातले वरिष्ठ अधिकारी मंचावरून आम्हाला म्हणाले होते, "तुम्ही प्रस्ताव द्या, तीन महिन्यांत अभिप्राय देतो." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. प्रस्ताव आठवड्यात दिला. त्यानंतर मी त्या कार्यालयात 14 वेळा गेले. साहेब मीटिंगला गेलेत. साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांना विषय समजून घ्यायचाय. नवव्या खेपेला कळलं की फाइल चार महिने मासेमारीच्या टेबलावर पडून होती, कारण वर लिहिलं होतं 'कोळी रेशीम प्रकल्प'. कोणीतरी 'कोळी' एवढंच वाचलं. हे ऐकून लोक हसतात. मी त्या दिवशी स्टेशनवर बसून रडले. कोणी एकाने आतलं दुसरं पान उलटलं असतं तर?

या काळात पाला शहापूरहून यायचा. एक शेतकरी काका ओल्या गोणपाटात गुंडाळून पहाटेच्या आसनगाव लोकलने ठाण्याला आणायचे, तिथून मी ट्रान्स-हार्बरने रबाळ्याला. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या की अळ्या उपाशी. चार महिने पगार नव्हता, घणसोलीच्या खोलीचं भाडं आईच्या बांगड्यांवर भरलं. हे मला इथे लिहायचं नव्हतं. पण 'स्टार्टअपना पाठबळ' हे शब्द रोज होर्डिंगवर दिसतात आणि मग लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अळी बाहेर पडली तर काय, असा प्रश्न मला त्या कार्यालयात विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा. उत्तर मी तीनदा लिहून दिलं. या रेशमाच्या पतंगाला उडता येत नाही. हजारो वर्षं माणसाने सांभाळल्यामुळे तो रानात जगत नाही. गडचिरोली-भंडाऱ्याच्या टसर या रानटी रेशीम अळीची जातच वेगळी, तिच्याशी संकर होत नाही. तरीही आम्ही दुहेरी दारं, जाळ्या, सगळं केलं. तपासा, दहा वेळा तपासा. पण तपासायला कोणी आलंच नाही.

माझे आबा जालना जिल्ह्यात एक एकर तुती करतात. मागच्या पावसाळ्यात 150 अंडीपुंजांची अख्खी बॅच ग्रासरी या विषाणूच्या रोगाने गेली. अळ्या पिवळट होऊन फुगल्या, अंगातून पांढुरकं पाणी गळायला लागलं, आणि आबांनी त्या पाटीत भरून चुन्यात पुरल्या. याच विषाणूला दाद न देणारी अळी हैदराबादच्या सीडीएफडी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जनुकबदल करूनच तयार केली, 2013 मध्ये तसा शोधनिबंध आला. आबांच्या शेडपर्यंत ती आलेली नाही. आता सांगा साहेब, ही फक्त माझ्या फाइलची गोष्ट आहे का? जालन्याच्याच महिको या बियाणे कंपनीचं बीटी, म्हणजे जनुकबदल केलेलं, वांगं 2009 मध्ये तज्ज्ञ समितीने मंजूर केलं, 2010 मध्ये केंद्राने थांबवलं, आणि 2014 पासून ते बांगलादेशात पिकतंय. त्या निर्णयाशी माझं पटत नाही. पण तेव्हाच्या केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांनी नागपूरसह सात शहरांत लोकांना बोलावलं, शिव्या खाल्ल्या, आणि सहीनिशी 'थांबा' म्हटलं. आम्हाला तेवढाही मान मिळाला नाही. आमच्याकडे नुसतं गप्प बसून मारतात. नकार दिला की कारण द्यावं लागतं, कारण दिलं की कोणी अपील करतं, म्हणून फाइल झोपवायची. जबाबदारी कोणाचीच नाही, आणि ऑटोक्लेव्हचं झाकण मात्र मी लावायचं.

माझ्याबरोबर एम.एस्सी. झालेल्या सहा मुलींपैकी चौघी आज ऐरोलीत विम्याचे दावे तपासतात. पाचवी परदेशात गेली. सहावी मी.

कंपनी परत उभी राहणार नाही, ते मी मागतही नाही. त्या फाइलवर शेवटचा शेरा काय आहे तो मला लेखी कळवा. नकार असेल तर नकार, कारणासह, नाव आणि तारखेसह. दुसरं, असा प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती दिवस राहू शकतो याची मुदत ठरवा आणि ती दारावर लावा. तिसरं, ठाणे-बेलापूर पट्ट्यात बंद पडलेले इतके गाळे आहेत, त्यातला एक सुरक्षित कीटकसंगोपनासाठी सरकारने घ्या, म्हणजे पुढच्या मुलीला अळ्या मारायच्या आधी त्या ठेवायला जागा तरी असेल.

शहापूरच्या काकांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांनी आमच्या भरवशावर या वर्षी आणखी अर्धा एकर तुती लावली आहे. रविवारी त्यांचा फोन येईल.

आपली,
घणसोलीची एक रहिवासी, रेशीम अळीवर काम करणारी