चिऊचा निबंध आणि आईची वही

दादा,

काल ड्युटीवरून आल्यावर चिऊचा निबंध वाचला, व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं तर ते वाढतच गेलं, म्हटलं आता सरळ पत्रच लिहिते, आईलाही वाचून दाखव. इथे डब्लिनला दुपारी चारलाच अंधार पडतोय, बाकी मी बरी आहे.

वाचनालयाने आपल्या सरांच्या, घरोघरचे जुने कागद उतरवून घेणाऱ्या, नावाने शाळेतल्या पोरांसाठी निबंध स्पर्धा ठेवली हे भारीच केलं. चौकाला नाव वगैरे देण्यापेक्षा कितीतरी बरं, सरांना साधा हार घातलेला आवडायचा नाही. पण चिऊने अर्धा निबंध त्यांच्या कौतुकातच घालवलाय, 'ज्ञानाचा महासागर' काय नि काय. सरांनी लाल पेनाने उडवलं असतं ते. उरलेल्या अर्ध्यात गेटवे, सीएसएमटी, १८५३ ची पहिली आगगाडी. चूक काहीच नाही, पण विषय आहे 'माझ्या परिसराचा इतिहास' आणि आपण राहतो लालबागला. गेटवेला आपण पाहुणे आले की जातो.

तिला म्हणावं आजीच्या खानावळीवर लिही. खरंच सांगते, अख्ख्या गिरणगावात यापेक्षा चांगला विषय नाही. गिरण्यांमधले निम्मेअधिक गडी कोकणातले नाहीतर घाटावरचे, बायकापोरं गावाला, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, पहिल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा. यांना दोन वेळचं कोण घालत होतं? गिरणीच्या भोंग्यावर लिहितात, संपावर लिहितात, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांवर तर लिहितातच, खानावळवालीवर कोण लिहितं? प्रेमाताई पुरवांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, त्याआधी किराणा भरायचा तोही सावकाराच्या व्याजाने. आणि रविवारची सुट्टी, ती गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंड्यांमुळे मिळाली, १० जून १८९० पासून. आईला कुठे होती? रविवारी उलट मटण, म्हणजे कामाला दुप्पट.

आता मुद्द्याचं. आईची खानावळीच्या हिशेबाची ती लाल कापडी वही अजून आहे ना? सर आपल्याकडे यायचे ते त्या वहीसाठीच. कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी विचारणार, जुनं काय ठेवलंय, भाड्याच्या पावत्या, रेशनकार्ड, गिरणीचा पास, काहीही चालायचं. वहीची पानंच्या पानं उतरवून घेतली होती त्यांनी. डिसेंबर ८१ पर्यंत प्रत्येक नावापुढे पैसे मिळाल्याची खूण आहे, मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, आणि तिथून पुढे नुसतं बाकी, बाकी, बाकी, मग काही नावांपुढे 'गावी गेला'. तरी आई जेवायला घालत होती, बाबा स्वतः संपावर असताना.

आणि गंमत अशी की आईला विचारलं तर ती म्हणते सगळ्यांनी पैसे दिले, कोणाचं ठेवलं नाही. वही तसं म्हणत नाही. सरांचं ठरलेलं होतं, माणूस एक सांगतो नि कागद दुसरं सांगतो तेव्हा दोन्ही लिहायचं, आपण निकाल द्यायचा नाही. चिऊनेही तेच करावं. फक्त आईला उलटतपासणी घेतल्यासारखं विचारू नका, ती चिडेल आणि मग तोंडच उघडणार नाही. दुपारी भाजी निवडताना विषय काढा.

एक मात्र सांभाळ, वहीतली नावं निबंधात घालू नका. त्यातल्या दोघातिघांची मुलं अजून आपल्याच चाळीत आहेत, कोणाच्या बापाची उधारी स्टेजवर वाचून दाखवायची नाही. 'सावंतवाडीकडचा एक साचेवाला' एवढं पुरे.

चाळ सोडून ट्रान्झिट कॅम्पला जायच्या आधी वहीचे फोटो काढून ठेव, नीट उजेडात, सगळी पानं, कोरीसुद्धा. पसारा म्हणून वहिनीने रद्दीत घातली तर माझ्याशी गाठ आहे (वहिनी, मस्करी!). शब्दमर्यादा पाचशेची आहे असं चिऊ म्हणाली, मग सरांवर दोन ओळी ठेव म्हणावं, आणि 'स्वप्ननगरी' हा शब्द आला तर आत्या बक्षीस देणार नाही.

मसुदा झाला की पाठवा, मी शुक्रवारी घरी आहे. आणि आईच्या गुडघ्याचा एक्सरे काढलात का, त्याबद्दल कोणी काही बोलतच नाही.

तुझी,
धाकटी