आयत अर्धीच छापायची तर छापूच नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला हजवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी मेहनत घेतली आहे, भाषाही चांगली आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण चौकटीत ठळक टाइपात जे छापलंय, ‘प्रत्येक मुसलमानाने आयुष्यात एकदा हज केलाच पाहिजे, अशी कुराणाची आज्ञा आहे’, ते वाचून रात्री झोप लागली नाही. खाली सूरह आले-इमरान, आयत ९७, म्हणजे कुराणाच्या त्या अध्यायातलं सत्त्याण्णवावं वचन, असा हवालाही दिलाय. हवाला अचूक, आयत मात्र मध्येच कापलेली. त्या घराचा, म्हणजे मक्केतल्या काबेचा, हज करणं हा लोकांवर अल्लाहचा हक्क आहे, आणि तो कुणावर, तर ज्याची तिथवर पोहोचण्याची ऐपत आहे त्याच्यावर. हे एकाच दमातलं वाक्य आहे. पुढचा तुकडा जागेअभावी गाळला असेल, तर शेजारची मसाल्याची जाहिरात थोडी आखूड करता आली असती.

ऐपत म्हणजे नुसतं तिकिटाचं भाडं नव्हे. जाण्यायेण्याचा आणि तिथल्या राहण्याखाण्याचा खर्च हवा. मागे राहिलेल्या बायकापोरांची, म्हाताऱ्या आईबापांची आपण परत येईपर्यंत सोय हवी. डोक्यावर थकलेलं कर्ज नको. अंगात ताकद हवी, वाट सुरक्षित हवी. हे मी पदरचं सांगत नाही, मदरशातलं पोरगंही सांगेल.

आमच्या घरापुरतं सांगते. अम्मी शिवणकाम करायची. पोस्टात तिचं हजचं म्हणून वेगळं पासबुक होतं आणि ईदच्या शिलाईचे पैसे थेट त्यात जायचे. तेव्हा मुंबईहून जेद्दाला बोटी सुटायच्या, बोटीच्या भाड्यावरच तिचा सगळा हिशेब. रक्कम पुरी होण्याआधीच अब्बांचं मूत्रपिंडाचं दुखणं उपटलं आणि ते पासबुक मिरजेच्या वाऱ्यांमध्ये रिकामं झालं. १९९५नंतर बोटीही बंद पडल्या. अम्मीने पुन्हा पैसे टाकायला सुरुवात केली, पण तोवर माझ्या बहिणींची लग्नं उभी राहिली होती.

हे एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. नात्यातल्या एक हाजीणबाई परत आल्या की आमच्याकडे जमजम, म्हणजे मक्केतल्या पवित्र विहिरीचं पाणी, आणि खजूर घेऊन यायच्या. अम्मी डोक्यावर पदर ओढून, किब्ल्याकडे, म्हणजे काबेच्या दिशेला, तोंड करून, उभ्याने दोन घोट प्यायची. आणि वाटी खाली ठेवायच्या आत प्रश्न हजर: ‘तुमचं अजून बोलावणं आलं नाही वाटतं?’ दरवेळी हेच, दरवेळी चार बायकांसमोर. शेवटच्या आजारात अम्मी मला विचारायची, ‘मला जाब द्यावा लागेल का गं?’ मोहल्ल्यातल्या मौलानांनी घरी येऊन समजावलं, बाई, तुमच्यावर तो फर्ज (बंधनकारक) झालाच नव्हता, जे पैसे होते ते नवऱ्याच्या जिवासाठी गेले. तिने मान हलवली, पण पटलं नाही. कसं पटणार? जन्मभर तिने अर्धंच वाक्य ऐकलेलं. आता तेच तुम्ही रंगीत छापलंत.

याच अर्ध्या वाक्यावर लोकांचे धंदेही चालतात. आमच्या स्टँडसमोर एका टूरवाल्याचं फलक आहे. वर सूरह हजमधली आयत, लोक पायी येतील, रोड उंटांवर बसून दूरदूरच्या वाटांनी येतील, आणि खाली ‘सुलभ हप्त्यांत हज’. उंटांनाही हप्ते लावले असते यांनी! या फलकापायी बागेचा तुकडा गहाण टाकून गेलेले लोक मी पाहिलेत. त्यांना कुणी सांगितलं नाही की कर्ज काढून जाण्याची सक्ती कुणीच केलेली नाही.

आणि जे सारखे सारखे जातात त्यांच्यासाठीही एक गोष्ट ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचनांच्या संग्रहात, आहे. पैगंबरसाहेबांनी हज फर्ज झाल्याचं सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, दरवर्षी का? ते गप्प राहिले. त्याने तीनदा विचारलं. तेव्हा म्हणाले, मी हो म्हटलं असतं तर ते तुमच्यावर बंधनकारक झालं असतं आणि तुम्हाला झेपलं नसतं. लेखात ही गोष्ट असती तर आमच्या हाजीणबाईंनाही कात्रण पाठवलं असतं.

लेखाच्या शेवटी ‘सरकारी अनुदानावर होणाऱ्या या यात्रेबाबत’ म्हणून एक चिमटाही आहे. साहेब, ते अनुदान २०१८मध्येच बंद झालं. त्याआधी २०१२ साली न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी ते दहा वर्षांत संपवायला सांगितलं होतं, आणि त्या निकालात हीच आयत आहे, ऐपतीच्या अटीसकट! सर्वोच्च न्यायालयाने जी पुरी छापली ती आपल्या पुरवणीला परवडली नाही. मुसलमानांपैकी अनेकांना ते अनुदान कधीच नको होतं, हेही जाता जाता नोंदवते.

शेवटचं, फोटोबद्दल. ‘मक्केतील काबा’ म्हणून छापलेला हिरवा घुमट मदिनेच्या मस्जिद-ए-नबवीचा, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या मशिदीचा, आहे. काबा चौकोनी आहे, काळ्या कापडाने मढवलेला, त्याला घुमट नाही. मदिनेला जाणं हजचा भागही नाही. हज होतो तो मक्का, मीना, अराफात आणि मुजदलिफा इथे. पंढरपूरच्या बातमीत तुळजापूरचा कळस छापला असता तर दुसऱ्या दिवशी आपल्या कचेरीत फोन थांबले नसते.

दुरुस्ती छापणार असाल तर आतल्या पानावर कोपऱ्यात नको. त्याच चौकटीत, त्याच टाइपात, पूर्ण आयतीसह छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी