लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा

महोदय,

‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांवरील लेखांत ‘पतीबरोबर ख्रिस्ती झाल्या’ असे सर्रास छापले जाते. ते चूक आहे. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली काही वर्षे त्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. पतीकडे परतल्यावरही सोवळे सुटले नव्हते, स्वयंपाक वेगळाच होई. जात देवाने केली की माणसाने, याचे उत्तर त्यांनी स्वतः शोधले, तेव्हाच पंगत एक झाली. आणि टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचे ख्रिस्तचरित्रावरचे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. त्यांची तर अक्षरओळखसुद्धा लग्नानंतरची!

— एक वाचक, नाशिक