डुकरांच्या आवारातल्या ताईंना

प्राण्यांच्या आसरा केंद्रात लेक चिखलात घसरली आणि समोरून डुक्कर आलं. मी किंचाळले, "शी, घाणेरडं!" लेक आणखीच रडायला लागली. तिथल्या ताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. आधी तिला उचललं, स्वतःच्या ओढणीने तिचे हात पुसले. मग सांगितलं, डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून ते अंग गार करायला चिखलात लोळतं. जागा असेल तर झोपायच्या ठिकाणी घाणही करत नाही. ब्रश मात्र माझ्याच हातात दिला. (मला नको होता!) दोनदा फिरवला, तर ते धूड आडवं होऊन, पोट पुढे करून, डोळे मिटून पडलं. लेक खुदकन हसली.

ताई, नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार. ओढणीचे डाग निघाले ना?