फ्री थ्रोची पद्धत बदलण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बास्केटबॉलच्या सामन्यात शेवटच्या मिनिटातले दोन्ही फ्री थ्रो, म्हणजे रेषेवरून कुणाच्या अडथळ्याविना टाकायचे चेंडू, हुकले आणि सामना एका गुणाने गेला, हे वाचून फार वाईट वाटले. पण आता चेंडू टाकण्याची पद्धतच बदलणार, असे तू लिहितोस, त्याची मला अधिक काळजी वाटते.

दोन्ही चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागले म्हणतोस, म्हणजे ते आखूड पडले, आणि सामन्याच्या शेवटी असे होण्याचे मूळ बहुधा पायांत असते. मांड्या भरून आल्या की गुडघे पुरेसे वाकत नाहीत, ती कसर आपण खांद्याच्या जोराने भरून काढू पाहतो आणि चेंडू सपाट जातो. रिंगचा व्यास 45 सेंटिमीटर आणि चेंडूचा सुमारे 24. तरीही चेंडू 30 अंशांच्या कोनात उतरला, तर त्याच्या वाटेवर रिंगची जेमतेम साडेबावीस सेंटिमीटर जागा उघडी राहते, म्हणजे कडेला न लागता तो आत जाणे अशक्यच. तोच 45 अंशांत उतरला, तर ती जागा सुमारे 32 सेंटिमीटर होते. तुझा हात चांगला आहे. त्याला गुडघ्यांची साथ हवी.

अमेरिकेचा बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेन आठवतो ना? 1961-62 च्या हंगामात तो दोन्ही हातांनी खालून फ्री थ्रो टाकत असे. 2 मार्च 1962 रोजी त्याने एकट्याने 100 गुण केले, त्या सामन्यात 32 पैकी 28 फ्री थ्रो आत गेले. पुढे, तसे टाकताना आपण हास्यास्पद दिसतो या लाजेपायी त्याने ती पद्धत सोडली, आणि त्याची कारकिर्दीतली सरासरी 51 टक्क्यांवर राहिली. दुसरा अमेरिकी खेळाडू रिक बॅरी मात्र लोकांची पर्वा न करता खालूनच टाकत राहिला आणि दहापैकी जवळपास नऊ साधत गेला. चेंबरलेनची ही गोष्ट मला नेहमीच चटका लावून जाते.

तेव्हा तुझे ते चेंडूचे जमिनीवर तीन टप्पे, एक श्वास आणि मग थ्रो, हा क्रम तसाच ठेव. आंतरराष्ट्रीय नियमांतल्या 5 सेकंदांत तो आरामात बसतो. सराव मात्र बदल. ताजेतवाने असताना सलग शंभर टाकण्याऐवजी मैदानाच्या चार फेऱ्या जोरात धाव, धापा टाकतच रेषेवर ये आणि दोनच टाक. मग पुन्हा धाव. त्या दोनांतला पहिला किती वेळा आत गेला, तेवढे पुढच्या पत्रात कळव.

तुझा मित्र